राणीछाप रुपयावरची माती

माय, लक्ष्मीपूजनाच्या ताटातला तुझा राणीछाप चांदीचा रुपया साऱ्या ताटात उठून चकाकतो, आणि तरी त्याच्यावरचा राणीचा चेहरा ओळखूही येत नाही. घरोघरच्या पूजेतल्या जुन्या रुपयांचं हेच झालेलं दिसतं. जे नाणं सर्वांत जास्त जपलं, तेच सर्वांत पुसट का व्हावं? उत्तर या दिवाळीच्या तोंडावर तुझ्याच स्वयंपाकघरात सापडलं. टाइल्स बसवायला धाकट्या भावानं सारवलेली जमीन खोदली, आणि चुलीच्या जागी जोडीतला दुसरा रुपया निघाला. तू शेवटपर्यंत शोधत राहिलीस, तोच. मातीनं लडबडलेला.

भावजयीनं लगेच हात पुढे केला. "द्या जी ताई, मी घासून देतो. लक्ष्मीपुढं काळा रुपया ठेवतेत का कोनी?"

"ठेवीन पूजेत, पण घासू देणार नाही."

"कायले एवढ्या जपून राहिल्या? चिच लावली, राख लावली, झालं!"

धाकटा हसला, "बस आता, मास्तरीनबाईचा तास सुरू झाला."

झालाच. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं, ते या एका रुपयासाठी उपयोगी पडणार नसेल तर कशासाठी? मला तू मोरीवर दिसतेस. एका वाटीत चिंचेचा कोळ, दुसरीत धानाच्या तुसाची राख. मी रुपयाकडे हात नेते आणि तू चापट मारतेस, "हात नोको लावू, मयला होते." माय, चिंचेचं आम्ल चांदीत मिसळलेल्या तांब्याला खातं. तुसाच्या राखेत वाळूचाच कठीण अंश असतो, आणि चांदी त्याहून कितीतरी मऊ. दर दिवाळीला मोरीतून जे करडं पाणी वाहून जायचं, त्यात राणीचं नाक, भुवई, केस थोडेथोडे वाहून जात होते. तुझी चापट मात्र बरोबर होती: बोटांचा घामही नाण्याला डाग पाडतो.

म्हणून मी रुपया फक्त कडेनं धरला. बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणलं, काचेच्या वाटीत तळाशी मऊ कापड अंथरलं आणि रुपया त्यात बुडवून ठेवला. ब्रश नाही, साबण नाही, घाई तर मुळीच नाही. पाणी गढूळ झालं की बदलायचं, एवढंच. माती आपोआप सुटत गेली. शेवटी रुपया कापडावर ठेवून नुसता टिपला, पुसला नाही.

पूजेच्या दिवशी दोन्ही रुपये खिडकीशी शेजारी ठेवले. नवा सापडलेला काळसर होता, पण मुकुट, वेणी, झग्यावरची नक्षी, सारं शाबूत. भावजय वाकून बघत राहिली. "अगा माय! हे तं जवान पोरगी आहे. आपली घासून घासून म्हातारी केली का जी?" मग तिनंच तो कडेनं उचलला आणि पूजेच्या ताटात मांडला.

कागदातल्या आम्लाचाही चांदीला त्रास होतो, म्हणून हे पत्र रुपयांच्या डबीत ठेवणार नाही; माझ्याच कपाटात राहील. वेणीच्या खाचेत अजून थोडं काळं आहे. ती माती की चांदीचा मुरलेला रंग, हे ओळखणं सोपं आहे: भिजलेल्या नाण्याच्या त्या जागी लाकडी काडीचं टोक नुसतं टेकवायचं. रंग असेल तर हलत नाही. माती असेल तर मऊ होऊन सरकते. भावजयीला मी सांगितलं, ते निघत नाही. काडी मी टेकवली होती, माय. तुझ्या चुलीची माती सरकली, आणि मी हात मागे घेतला.