आवाजाचे स्वरूप

तीर्थरूप दादा,

‘सगळ्यात वरचा मजला घे, डोक्यावर कोणी नाचणार नाही,’ असं तू मला सोळा वर्षांपूर्वी सांगितलंस, तेव्हा आपण दोघं याच खोलीत उभे होतो आणि खोली रिकामी होती. तुझा सल्ला बरोबर निघाला. डोक्यावर कोणी नाचत नाही. आपणही कोणाच्या तरी डोक्यावर असणार, एवढाच मुद्दा त्या दिवशी तुझ्या लक्षात यायचा राहिला. असो. तुला साष्टांग नमस्कार, वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पाठ कशी आहे? मलम लावतोस, की ते नुसतं कपाटात ठेवूनच बरं वाटतंय? इकडे आई ठीक आहे. माझं डोकं फिरलेलं आहे, बाकी मीही ठीक. (हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण खाली ऐकू गेलं असतं.)

खाली म्हणजे ते निवृत्त शाळा-तपासनीस. मागच्या खेपेला लिफ्टमध्ये ज्यांनी तुझी बॅग पायाने बाजूला सारली होती, तेच. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून चुका टिपल्या. आता शाळा नाही, म्हणून आम्ही. आमच्या कमिटीने आवाजाच्या तक्रारींसाठी एक छापील तक्ता काढला आहे. तारीख, वेळ, कालावधी, आवाजाचे स्वरूप, शेरा. बाकीची माणसं ‘स्वरूप’ या रकान्यात ‘धाडधाड’ असं लिहून मोकळी होतात, नाहीतर ‘कुत्रा’. पण तपासनिसांनी जन्मात रकाना अर्धवट सोडलेला नाही. त्यांनी तीन आठवडे, दुपारी एक ते पावणेदोन, आमच्या घरातून येणाऱ्या आवाजाचं स्वरूप लिहून काढलं. म्हणजे आई तुझ्याशी फोनवर काय बोलते ते, शब्दशः.

ती किती मोठ्याने बोलते हे तुला मी सांगायला नको. माणूस जितका लांब तितका आवाज चढवायचा, हा तिचा हिशेब. (कानातलं यंत्र डबीतच आहे. ते घातलं की भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं म्हणते, आणि मी भांडी आपटते तेव्हा मात्र तिला काहीच ऐकू येत नाही.) त्या वेळी मी वाचनालयात असते. दिवसभर लोकांना ‘हळू’ म्हणणं हीच माझी नोकरी, त्यामुळे माझ्या घरात दुपारी काय चालतं ते इमारतीत फक्त मलाच माहीत नव्हतं.

रविवारी कमिटीची मीटिंग झाली. सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत; समोरच्याने तोंड उघडायचं पण बोलायचं नाही, याची त्यांना सवय आहे. त्यांनी तो तक्ता अकरा माणसांसमोर पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. सुनेचा आवाज फोनवर फार गोड येतो, त्यात काहीतरी आहे. (हे वहिनीला वाचून दाखवू नकोस. दाखवलंस तर खाली सही तपासनिसांची आहे, माझी नाही, एवढं सांग.) मुलगी कपडे पिळत नाही, नुसते कुरवाळते. मुलगी संध्याकाळी येते, चपला काढते आणि पुस्तकासारखी मिटून बसते. इथे दोघातिघांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चष्मा पुसायला घेतला, कारण ते खरं आहे. दिवसभर गप्प बसवून आले की माझ्याकडे घरासाठी शब्द उरत नाहीत. मला वाटायचं, तिला कुठे ऐकू येतंय!

मग नऊ तारीख आली. ‘मला पंधरा दिवस तुझ्याकडे ने.’ दहा तारीख, वरीलप्रमाणे. अकरा तारीख, वरीलप्रमाणे. दादा, डॉक्टर ‘वरीलप्रमाणे’ हा शब्द तेरा वेळा वाचत गेले. सातव्या-आठव्या वेळेला त्यांचा आवाज आपोआप खाली आला. कोणीतरी खुर्ची सरकवली आणि तीही हळूच.

मी उठले आणि तपासनिसांना वाटेल ते बोलले. बाई आपल्या मुलाशी काय बोलते ते टिपून घ्यायला तुम्हाला कोणी सांगितलं, असं विचारलं. ते म्हणाले, तक्त्यात रकाना होता. मी म्हटलं, एवढं ऐकू येतं तर कानात बोळे घालून बसा.

“घातले होते,” ते म्हणाले.

लोक हसले, आणि मी आणखी भडकले. मग त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. तो वरपासून खालपर्यंत कोरा होता.

“बाई, शेरा मी लिहिलेला नाही. पलीकडून काय उत्तर येतं, ते मला ऐकू येत नव्हतं.”

या माणसाला मी आणखी काय बोलणार होते? ती संधीसुद्धा त्याने मला ठेवली नाही, याचाच मला जास्त राग आला. तो घेऊन मी घरी आले आणि सगळा आईवर काढला. (संध्याकाळी सात दहा, स्वरूप: मुलगी.) ती ‘बरं’ म्हणाली. आईने वाद न घालता ‘बरं’ म्हटलेलं मला आठवत नाही.

मंगळवारी मी मुद्दाम अर्धी रजा काढून दुपारी घरी आले. आई कपड्यांच्या कपाटात होती. म्हणजे कमरेपर्यंत. डोकं, खांदे आणि फोन माझ्या टांगलेल्या कपड्यांमध्ये, दोन्ही दारं दोन्ही बाजूंनी ओढून घेतलेली, बाकीची आई बाहेर. कपडे आवाज गिळतात, हा तिचा शोध. मी तिला बाहेर काढलं तर केस विस्कटलेले आणि चेहऱ्यावर विजय. म्हणाली, “आता तर त्यालाही ऐकू येत नाही, मग खालच्याला काय येणार?” तू ‘आई, आवाज येत नाहीये, नंतर करतो’ म्हणून फोन ठेवला होतास. तिला ते पास झाल्यासारखं वाटलं. मी ते कपाट रिकामं करून कपडे पलंगावर टाकले. आता ती तिथे आवाज गिळायला टॉवेल टांगते.

तर पत्राचं कारण एवढंच की यापुढे फोन तू कर, संध्याकाळी सातनंतर. मी घरी असते. खिडक्या लावून घेईन, गरज पडली तर तिच्या तोंडापुढे उशी धरून बसेन.

कळावे,
तुझी धाकटी

ता. क. रागाच्या भरात लिहिलेलं पत्र दुसऱ्या दिवशी वाचावं म्हणतात, म्हणून आज वाचलं. राग तेवढाच आहे. पाठवते आहे.

ता. क. फोनच्या वेळेचं राहू दे. त्या चौदा दुपारी तू तिला काय उत्तर दिलंस, ते मी तिला विचारलेलं नाही. ‘बघू’ म्हणाला असशील. तुझ्याकडे खोल्या दोनच आहेत, मुलांच्या परीक्षा आहेत, वहिनी घरून काम करते आणि तिला शांतता लागते. हे सगळं मीच लिहून टाकलं, तुला तेवढाच त्रास कमी. आणि मला तिची अडचण होते म्हणून मी हे लिहीत नाहीये. ती नसेल तेव्हा संध्याकाळी या घरात मी काय करणार आहे, देव जाणे. पण तिने मागितलं ते तुझ्याकडे. नाही म्हणशील, हे धरून चालले आहे. तरी ये आणि तिला पंधरा दिवस घेऊन जा.