धोंड्याची गाठ

६ मार्च १९७८, सोमवार. सोनपेठ

बदलीचा कागद आला. परभणी. तीन वर्षं अर्ज केले, चौथ्याला पाझर फुटला. ३१ ला इथून मोकळं करणार, पुढचे सहा दिवस सामान हलवायला, ७ एप्रिलला ऑफिस बंद व्हायच्या आत तिकडे हजर. नाही झाले तर ऑर्डर रद्द, जागा दुसरीला. डॉ.नी एवढं वाक्य दोनदा वाचून दाखवलं, जसं काही मला वाचताच येत नाही.

दादांना कार्ड टाकलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, घरात एकटे. साखरेचा डबा की मिठाचा, चाखून ठरवतात. आता लेक जवळ असेल. आनंद झाला. खरंच झाला. मग दुपारी स्टोव्हवर सिरिंजा उकळायला ठेवल्या आणि तिथेच उभ्याउभ्या रडले. कशासाठी ते कळलं नाही.

९ मार्च, गुरु.

ट्रंक काढली. औरंगाबादला ट्रेनिंगला निघाले तेव्हा दादांनी घेऊन दिलेली. तळाशी पहिली टोपी. कांजी घालून कडक करायचो आम्ही चौघी, एका खोलीत, इस्त्री नव्हती म्हणून तांब्यात निखारे घालून. सकाळी मेट्रन टोपीवर टिचकी मारायच्या. टक्क आवाज आला तर पास. आज मारून बघितली. मऊ पडलीय, माझ्यासारखीच.

नऊ वर्षांपूर्वी इथल्या स्टँडवर उतरले तेव्हा एका बाईनं विचारलं होतं, कोणाच्या तुम्ही? म्हणजे जात कुठली. मी म्हटलं, सरकारी दवाखान्याच्या. पहिलं वर्षभर घरोघर चहा कानतुटक्या कपात. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा. बाळंतपणाला माझे हात चालायचे, घरातला कप चालायचा नाही. तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा, अजूनही आठवलं की होतो. त्याच घरातल्या बायका आता ओट्यावर बसून माझ्या डब्यातलं खातात आणि वर भाजीला मीठ कमी म्हणतात. हे कधी झालं ते मी लिहून ठेवलं नाही. ठेवायला हवं होतं.

रहेमतबी, आमची आया, दारातून बघत होती. म्हणाली, घंटा झाला, पेटी भरायलाव का उपसायलाव?

१३ मार्च, सोम.

गया आली, आई कोंडाबाईला घेऊन. बाळंतपणाला माहेरी आलीय, नदीकाठच्या गावाला, छकड्यानं दीड तास. तिसरी खेप. आधीची दोन्ही नाहीत.

पहिलं दुष्काळाच्या साली. खडी फोडायच्या कामावर कळा सुरू झाल्या, घोंगडीत घालून चौघांनी उचलून आणली. मुलगा. तिसऱ्या दिवशी माझ्या मांडीवर गेला. दुसऱ्या वेळी ओढ्याला पाणी होतं, गाडी अलीकडेच अडली. मी पोचले तोवर सगळं झालेलं. तेव्हा तिला म्हटलं होतं, आता पुढच्या वेळी वेळेआधी इथे येऊन राहायचं, मी आहे. बोलून गेले. तिनं पाच वर्षं ते जपून ठेवलं.

कार्डावर मे महिन्याचा पहिला आठवडा लिहिलाय. आज सांगून टाकलं की मी तोवर नसेन. गया पदराच्या टोकाला पीळ घालत बसली. कोंडाबाई बोलली, "तुमच्या जिवावर आनलंय तिला, नर्सबाई. सासरची सोडत नव्हते. नवीचा हात आमाला काय ठावं?"

बदली माझ्या हातात नाही म्हटलं. अर्ज मीच केला होता हे नाही सांगितलं.

१७ मार्च, शुक्र.

गयाचं पोट आठव्या महिन्याला मोठं वाटतंय. जुळं? दोनदा ऐकलं, ठोके एकाचेच. चांगले खणखणीत. डॉ. म्हणाले पाणी जास्त असेल. असेल. पण हाताला पटत नाही.

२० मार्च, सोम.

आज स्वतःचीच लाज वाटली.

गयाला परत बोलावलं होतं. कोंडाबाईला विचारलं, महिने कशावरून मोजलेत? तिनं कनवटीचा दोरा काढला. दर पुनवेला एक गाठ. सात गाठी झाल्यात, आठवा चालू. अगदी बरोबर, कार्डावर तेच.

रहेमतबी फरशी पुसत होती. मधेच म्हणाली, आठवा कसा? मग हातातलं फडकं बादलीत टाकून उभीच राहिली. "रोजे लागायला दोन दिस व्हते. मी खजुरा आनायला बाजारात गेलते. तिथं तुमची गया भिंतीला धरून ओकायली व्हती. जावाई पानी देयला व्हता. मी मनलं, मुबारक."

मी तेव्हा दादांकडे रजेवर. मला कुठलं माहीत असणार. पण रोजे धोंड्याचा, म्हणजे अधिक महिना संपला की लगेच लागले होते, एवढं मला आठवतं. कोंडाबाईला विचारलं, जावयाला का बोलावलं होतं? तर धोंड्याचं जेवण घालायला. पुरणाचे धोंडे, अनारसे, चांदीचं निरांजन. लेकीला त्यातलं काही पचलं नाही, वास आला की पळायची.

म्हणजे धोंड्याच्या महिन्यात पोर पोटुशी होतीच. मग त्याची गाठ कुठाय?

म्हातारी दोरा मुठीत धरून बसली. मग म्हणाली, "धोंड्याच्या म्हैन्यात शुभाचं कायबी करत न्हाईत बाई. दोनदा पदर रिता झालाय तिचा. त्या म्हैन्यात गाठ मारायला माजा हातच गेला न्हाई."

तिला काय बोलू? तिनं भीतीनं सोडली. मी तर शिकलेली. संक्रांतीनंतर पहिल्यांदा दाखवायला आणली तेव्हा कोंडाबाई म्हणाली सहावा, आणि मी सहावा लिहून मोकळी झाले. रांग होती, घाई होती, ही कारणं माझी मलाच पटत नाहीत. अकरा वर्षांची नोकरी आणि धोंडा विसरले.

कार्ड खोडून दुरुस्त केलं. एप्रिल, पहिला-दुसरा आठवडा. पाडव्याच्या आसपास.

गया हसली. पहिल्यांदाच. तिला वाटलं आता मी असणार. तारखा मला माहीत आहेत.

२७ मार्च, सोम.

डॉ.कडे पंधरा दिवस मागितले. नाही म्हणाले. त्यांचंही खरं, वरून आलेला कागद. वर म्हणाले, तुझ्या वडिलांसाठी मीच शिफारस केली होती, आता तूच मागे सरकतेस?

नवी सिस्टर हजर झाली. कुसुम, सेलूची. चोवीस वर्षांची असेल. भराभर चालते, भराभर बोलते, हातात मनगटी घड्याळ. मला ती आवडली नाही. न आवडायला काही कारण मिळतंय का ते दिवसभर बघत होते.

संध्याकाळी ते मिळेनासं झालं. वॉर्डातल्या बाईच्या पोटाला ठोके ऐकायची नळी लावण्याआधी तिनं ती तळहातात धरून गरम केली. आम्हाला मेट्रननी शिकवलं होतं, गार धातू लावलात तर आई दचकते आणि बाळही. इतक्या वर्षांत दुसऱ्या कुणाला करताना पाहिलं नव्हतं.

३१ मार्च, शुक्र.

चार्ज दिला. कपाटाची किल्ली, कात्र्या मोजून, सिरिंजा मोजून, एक फुटकी लिहून. बाळंतिणीच्या खोलीतली तिसरी खाट हलते, हे कुठल्या यादीत नसतं, तोंडी सांगितलं. खिडकीबाहेरच्या लिंबावर साळुंक्या ओरडायला लागल्या की पहिली गाडी येते, हेही. कुसुम वहीत लिहून घेत होती. हसू आलं.

नारळ, खण, भाषण. डॉ.ना भाषण जमत नाही.

क्वार्टर सोडलं. सामान हलवायचे सहा दिवस माझे आहेत, ते कुठे काढायचे हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही. रहेमतबीच्या घरी ट्रंक नेऊन टाकली. दादांना कार्ड लिहिलं, खरं ते सगळं लिहिलं. शेजारचे गुरुजी वाचून दाखवतील.

१ एप्रिल, शनि.

गयाला दवाखान्यात आणून ठेवली. दुसरी खाट. तिसरीवर नको म्हटलं.

३ एप्रिल, सोम.

काही नाही. सकाळ-संध्याकाळ जाते, पाहुण्यासारखी स्टुलावर बसते. पांढरी साडी नाही, तर पेशंट ओळखत नाहीत. एकीनं मलाच विचारलं, कितवा तुमचा?

रहेमतबीकडे जेवते. पहिल्या वर्षी या गावात न विचारता ताट वाढणारी हीच एक. तिच्या परसात बसून आम्ही दोघी जुनी बाळंतपणं आठवतो. कोणाची पोर आता शाळेत जाते, कोणाचा पोरगा तोंडात बोटं घालून शिट्टी मारतो. तिला सगळ्यांची नावं येतात. मला फक्त वजनं आठवतात.

५ एप्रिल, बुध.

काही नाही. कोंडाबाई गयाला सारखी चालवते. डोकं खाली आलंय. कळा नाहीत.

दादांचं कार्ड आलं, गुरुजींच्या अक्षरात. "बेबी, मोतीबिंदू अजून पुरता पिकला नाही, डॉक्टर थांबा म्हणतात. मीही थांबतो. तू ठरवशील ते खरं. फक्त माझ्यासाठी थांबलीस किंवा माझ्यासाठी आलीस असं पुढे म्हणू नको."

तीनदा वाचलं. म्हाताऱ्यानं सुटकाही केली आणि पकडूनही ठेवलं.

६ एप्रिल, गुरु.

काही नाही.

गाडीची चौकशी केली. उद्या सकाळी दहाची, नाही तर दोनची. दोनची धावतपळत ऑफिस गाठेल. त्यानंतरची जाऊन उपयोग नाही.

ट्रंक बांधली. कुसुमला म्हटलं, मी उद्या जाते. तिनं नुसती मान हलवली. तिचे हात बारीक आहेत, बोटं लांब. चांगली सुईण होईल. हे तिला सांगायला हवं होतं, नाही सांगितलं. माझा स्वभाव.

७ एप्रिल, शुक्र.

दवाखान्याच्या व्हरांड्यात ट्रंकेवर बसून लिहितेय. स्टोव्हवर पाणी ठेवलंय, उकळेपर्यंत वेळ आहे.

सकाळी निरोप घ्यायला आले तर गया खाटेची दांडी धरून उभी. पहाटेपासून दुखतंय, कुणाला बोलली नाही. दहाची गाडी गेली. मी बघितलीसुद्धा नाही.

साडेबाराला तिनं मला जवळ बोलावलं. कळ येऊन गेली होती, कपाळ भिजलेलं. म्हणाली, "बाई, तुमी जावा. मायनं सांगितलंय, अर्ज तुमीच केलाव्ता, बापासाठी. लय दिस थांबलाव माज्यापायी. ही नवी ताई बी चांगली हाय. नळी गरम करून लावती."

कोंडाबाईला कोणी सांगितलं असेल? रहेमतबीनंच. आणि ही पोरगी पाच वर्षं धरून ठेवलेला शब्द मला परत देत होती, कळांच्या मधल्या जागेत. मी तिच्या पोटावर हात ठेवला. ठोके आहेत. थोडे मंद. कळ गेली की परत भरून येतात. कुसुमनंही ऐकले, माझ्याकडे बघितलं. डॉ.ना बोलावणं गेलंय.

बाहेर आले ट्रंक उचलायला. खरंच उचलायला आले होते. रहेमतबी स्टँडवर पोचवायला तयार उभी. तेवढ्यात कोंडाबाई आली आणि तो दोरा माझ्या हातात दिला. आठ गाठींच्या आधी, दोऱ्याच्या अगदी टोकाला, नवी एक. जरा मोठी, घाईत मारलेली. "धोंड्याची मारली बाई," म्हणाली. "आता काय व्हायचं ते व्हवू द्या, त्यो म्हैना बी तिचाच व्हता."

मी बसले ती इथेच.

एवढ्यात कुसुम दारात आली. घड्याळ काढून ठेवलेलं, पदर खोचलेला. म्हणाली, सिस्टर, ठोके मधेमधे हरवतात, माझी अशी केस पहिली आहे, दोघी असलो तर बरं. साधं बोलली. विनवणी नाही. मी म्हटलं, चार्ज तुझा आहे. ती म्हणाली, चार्ज माझाच, पण हात चार लागतील.

दोनच्या गाडीचा हॉर्न आत्ता वाजला. रहेमतबीनं माझ्याकडे बघितलं, मग ट्रंक आत ओढून घेतली.

आतून गयाचा आवाज नाही. ओठ आवळून धरते, पहिल्या वेळेसारखीच. मुलगा का मुलगी, आज रात्री मी कुठल्या दवाखान्याची, दादांना काय लिहायचं, यातलं काही माहीत नाही. दोरा कनवटीला खोचलाय.

पाणी उकळलं. हात धुवायला जाते.