‘लेडी हॅरिएट’ची खुर्ची उंबरवाडीत

मु. उंबरवाडी, पो. पोलादपूर, जिल्हा कुलाबा
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सन १९६१

तीर्थस्वरूप सयाजीदादा यांस,

धाकट्या चुलतभावाचा, म्हणजे महिपतचा, कंबर वाकते तितकं वाकून नमस्कार. (पूर्वी याहून खाली वाकायची. आता का वाकत नाही ते पुढे येईल.) इकडे सर्व ठीक. तुमच्या घराचं कुलूप दर सोमवारी हलवून बघतो आणि पडवीत कुणाची कोंबडी शिरू देत नाही. तुमचा खोकला कसा आहे? राहीवहिनींचा पाय कसा आहे, हे खरं तर पहिल्याच ओळीत विचारायला हवं होतं. तिथे धाडस झालं नाही म्हणून इथे विचारतो. चि. येसाजीस आशीर्वाद. पत्र तोच तुम्हा दोघांना वाचून दाखवणार, म्हणून त्याला एक सूचना: कंसातला मजकूर मनात वाचावा. (येसाजी, बापाचा चेहरा आत्ता कसा आहे ते बघ. वाईट असेल तर पुढचं जेवणं झाल्यावर वाच. खानावळीतून काही गोड आणलंस तर आणखी बरं.)

पत्राला कारण खुर्ची. ती माझ्याकडे कशी आली हे मी वाडीत कुणाला सरळ सांगितलेलं नाही. एका साहेबानं खूश होऊन बक्षीस दिली, असं सांगत आलो. साहेबानं मला आयुष्यात एकदाच काही दिलं, ते बुटाचं टोक होतं, आणि तेही खूश होऊन दिलेलं नव्हतं. बॅलार्ड पियरला बिल्ला लावून मी बारा वर्षं सामान उचललं, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्या बारा वर्षांत मला एक विद्या आली ती माहीत नसेल. आगबोट मी कानांनी ओळखायचो. सकाळच्या धुरकटात भोंगा झाला की बाकीचे हमाल धक्क्याच्या टोकाला धावायचे; मी तंबाखू मळत बसल्या जागी सांगायचो, ही अमक्या कंपनीची, दोन धुराड्यांची, हिचा आवाज पडसं झालेल्या रेड्यासारखा. माझ्या कानावर मुकादम पैजा लावायचा. ‘लेडी हॅरिएट’ची गोष्ट मात्र वेगळी. ती ओरडायच्या आधी श्वास घ्यायची. शंख फुंकणारा छाती भरून घेतो ना, तसा. मग आवाज यायचा, आणि गोदीतले कावळेसुद्धा गप्प व्हायचे. अंग पांढरं, तीन पिवळी धुराडी, आणि नाकापासून शेपटापर्यंत अशी एक रेघ, की गवंड्यानं दोरी धरून मारावी. माणसं असलं काही बांधू शकतात हे मला दोन वर्षं पटत नव्हतं. आत म्हणे शिसवी जिने होते, भिंतींवर लाकडात कोरलेला हरणांचा कळप होता, जेवणघरावर रंगीत काचेचा घुमट होता. “म्हणे” अशासाठी, की हमालाला शिडीच्या शेवटच्या पायरीपुढे बंदी. ट्रंक तिथे ठेवायची आणि उतरायचं. हरणं मी बारा वर्षं नुसती ऐकली.

त्या पायरीवरून एक दिसायचं, ती खुर्च्यांची रांग. सागवानी, वेतानं विणलेल्या, पाय लांब करून पडायच्या. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला पितळी चौकट आणि चौकटीत बसणाराच्या नावाचं कार्ड. विलायतेला जाताना बोटीची उजवी बाजू सावलीची, येताना डावी. त्या सावलीसाठी मडमा एकमेकींशी अशा भांडायच्या की मला आपला पाणवठा आठवायचा. (येसाजी, हे आईला मोठ्याने वाचून दाखवलंस तरी चालेल.)

पुढे मी बिल्ला उतरवला आणि जुन्या बोटींच्या सामानाचं दुकान काढलं. तुम्ही त्याला भंगार म्हणता, मी वाद घालत नाही. पण मुंबईतल्या कितीतरी इराण्यांच्या हॉटेलात गिऱ्हाईक ज्या आरशात भांग पाडतं तो आरसा एके काळी लाटांवर डुलत होता, आणि तो मी विकलेला आहे. मग विमानं आली, बोटी म्हाताऱ्या झाल्या, आणि एके दिवशी दारूखाना बंदराच्या चिखलात ‘लेडी हॅरिएट’ येऊन पडली, तोडायला. मी खरेदीदार म्हणून शिडी चढलो. शेवटच्या पायरीवर माझ्याच नकळत वहाणा काढल्या. तोडणारे मुसलमान कारागीर हसायला लागले. म्हणाले, चाचा, पायात खिळे घुसतील. घुसले. हरणांचा कळप बघितला, पण निम्मी हरणं तोवर जळणात गेली होती. जेवणाची बारा छापील कार्डं मिळाली, वर रंगीत मोर, आत नऊ प्रकारची पक्वान्नं आणि चटणीचं नाव नाही. कंपनीच्या निशाणाच्या बशा मिळाल्या. भोंगा कुणीतरी आधीच पितळेच्या भावात नेला होता, त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाकी सगळं मी विकलं. एक खुर्ची ठेवली. तिच्या चौकटीत कार्ड तसंच होतं: मिसेस पेलम. या बाई कोण, मला ठाऊक नाही. पण दुकान आवरून मी खुर्ची वाडीत आणली तेव्हा आपली गोदूबाई तिला हळदकुंकू लावायला निघाली होती, एवढं तुम्हालाही आठवत असेल.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं पुराण कशाला. दादा, ती वस्तू माझ्यासाठी काय होती हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कळल्यावर माफ करावं असं म्हणत नाही.

वाडीत कुणी आजारी पडलं की घरटी एक खांदा, आणि घोंगडीची झोळी करून चार मैल उतार, पोलादपूरच्या दवाखान्यापर्यंत. ही आपली रीत वाडवडलांपासूनची. खुर्ची आल्यावर मीच म्हणालो, झोळीत माणूस मुटकुळं होऊन जातं, हिला दोन बांबू बांधा. पहिली बसली गोदूबाई, पोटदुखीची. मी हौसेनं मिसेस पेलमचं कार्ड काढून तिच्या नावाचं लिहून लावलं. निम्म्या वाटेत तिचं पोट थांबलं, हे खांदेकऱ्यांच्या लक्षात आलं होतं. पण खुर्ची टेकवली की ती कण्हायची. पोलादपुरात बांगड्या भरून घेतल्या आणि कण्हतच वर आली. ते कार्ड तिनं देवांच्या मागे ठेवलं आहे. त्यानंतर जो जो बसला त्यानं आपलं कार्ड जपून ठेवलं. हैबतीच्या मुलाच्या लग्नात तर घोडा मिळेना म्हणून नवराच खुर्चीतून नेला. त्याला वाटेत झोप लागली. मांडवाच्या दारात पाय लांब करून, तोंड उघडं टाकून पडलेला नवरा बघून मुलीच्या आत्यानं विचारलं, “ह्याला काय झालंय गो? आनि आज कशाला आनलात?”

मी हसलो, पण दर खेपेला खुर्ची परत यायची तेव्हा तिच्यावर हात फिरवायचो. इथे ओरखडा, तिथे वेताची एक काडी सुटलेली. मग मी ताडपत्री आणली. मग ती झाकून ठेवायला लागलो. मग कुणी मागायला आलं की “कशाला हवी?” असं विचारायला लागलो. माणूस बिघडतो तो असा, दादा, ताडपत्रीपासून.

आषाढात लावणीला बांधावरून वहिनींचा पाय घसरला आणि मांडीचं हाड गेलं, त्या दिवशी तुम्ही माझ्या अंगणात आलात. बरोबर हैबती आणि कोंडाजी. मी आत अंगरखा घालत होतो, बाहेर येणारच होतो. (येसाजी, इथे थांब, पाणी पी.) तुम्ही हैबतीला हळूच म्हणालात, “बघ रे, खुर्ची हमालाची, नि हमाल आपुन.” दुसऱ्या कुणाला ते ऐकू गेलं नसतं. पावसाचा आवाज होता, मधे भिंत होती. पण बारा वर्षं धुरकटातले भोंगे ओळखलेले कान हे. आणि वाक्य काही वाईट नव्हतं. आज लिहितानाही मला त्यातली गंमत दिसते. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी टाळी दिली असती. पण मी मनानं पुन्हा बोटीच्या शिडीच्या त्या शेवटच्या पायरीवर जाऊन पडलो. बाहेर आलो आणि म्हणालो, वेत सुटलाय, खुर्ची महाडला विणायला धाडलीय.

खुर्ची महाडला गेली नव्हती. माझ्या मागे तीन हातांवर, ताडपत्रीखाली होती. तुम्हाला हे ठाऊक आहे, आणि तुम्हाला ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. पण आजवर कुणी कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून लिहून ठेवतो.

वहिनी घोंगडीच्या झोळीतून गेल्या. चार मैल, चिखलातून, मोडक्या हाडानं. पोलादपूरहून पुढे महाडला नेलं, तिथले डॉक्टर नंतर म्हणाले की वाटेत हाड हललं नसतं तर पाय आखूड झाला नसता. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत, हैबतीनंही नाही. डॉक्टर दुसऱ्याच कुणाला सांगत असताना मी बाकावर बसून ऐकलं. कान, दादा. श्रावणात तुम्ही मुंबईला येसाजीकडे गेलात ते माझ्या दारावरून न जाता खालच्या पाणंदीनं गेलात. तुमच्या काठीचा आवाज मी तिथूनही ऐकला.

मग एक दिवस गोदूबाई सुंभ मागायला पडवीत गेली आणि तिनं ताडपत्री उचलली. तिनं ताडपत्री पुन्हा नीट खोचली आणि सुंभ न घेताच गेली. गोदूबाई रिकाम्या हातानं गेली म्हणजे संध्याकाळपर्यंत वाडीत काय झालं ते मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हापासून वाडी माझ्याशी फार सभ्यपणे वागते. रामराम घालते, आमच्या कारभारणीला, तुळसाला, भाजी देते, खुर्ची मागत नाही. कार्तिकात कोंडाजी तापानं फणफणला, तेव्हा वीस-बावीस वर्षांनी मी डोक्यावर चुंबळ ठेवली आणि खुर्ची स्वतः उचलून त्याच्या अंगणात नेली. तो घोंगडीतून बघून म्हणाला, “महाडवरनं आली वाटतं? लवकर इनली.” आणि उठला, काठी घेतली आणि चालत सुटला. “माजे पाय हायेत अजून.” मी मागोमाग, डोक्यावर खुर्ची. म्हटलं, दमेल, बसेल. चार मैल तो दमला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी दोघांकडे बघून आधी मलाच तपासायला घेतलं. कोंडाजी गोळ्या घेऊन चालत वर आला; माझी मान आणि कंबर तेव्हापासून धरली आहे. वाटेत मीच त्या खुर्चीवर दोनदा बसलो. आराम वाटला नाही.

तर दादा, आता शिमग्याला घरी या. होळीच्या नारळाचा तुमच्या घराचा मान दुसऱ्याकडे जाऊ नये असं मला वाटतं. वहिनींना चढ चढवणार नाही म्हणून येसाजीनं तुम्हाला तिकडेच ठेवून घेतलं आहे, हे मला कळलं आहे. (कुणाकडून, ते विचारू नये.) पोलादपूरच्या एस. टी. स्टँडवर खुर्ची हजर असेल. नावाचं कार्ड वहिनींचं असेल. सावलीच्या बाजूनं नेऊ.

तुळसाचा वहिनींना नमस्कार. लहानांना आशीर्वाद.

आपला, उशिरा का होईना, आज्ञाधारक
महिपत

ता. क. खुर्ची आहे, बांबू आहेत, पण खांदेकरी नाहीत. एक खांदा माझा. तुळसा म्हणते दुसरा ती देईल, पण ते दिसायला बरं नाही. माझ्या शब्दावर वाडीतून कुणी येणार नाही. तरी हैबतीला आणि कोंडाजीला तुम्ही एक कार्ड टाकावं. खरं सांगायचं तर पत्र याच कामासाठी लिहायला घेतलं होतं.

दुसरा ता. क. तुळसाला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, एवढ्या मोठ्या पत्रात माफी कुठे मागितलीत? मी शोधलं. खरंच नाही. बोटीतल्या बशांपर्यंत सगळं आहे, ते नाही. इथे मागतो.

तिसरा ता. क. (येसाजी, हे फक्त आईला. दादा नळावर गेले की वाच.) राहीवहिनी, त्या दिवशी झोळी माझ्या अंगणावरून जाताना तुम्ही आतून म्हणालात, “भावजी, वेत चांगला घट इनून घ्या हो. पुढं कुनाच्या तरी कामास येल.” आवाजावरून मी कंपनी, बोट, कप्तानाची मिजास, सगळं ओळखत आलो. तुमच्या त्या वाक्यात टोमणा होता, की तुम्हाला खरंच वाटलं होतं की खुर्ची महाडला गेली आहे, हे मला पाच महिने झाले तरी ओळखता येत नाही. टोमणा असेल तर मी सुटलो. शिमग्याला या आणि वाडीदेखत पुन्हा मारा. एका ओळीचं कार्ड टाका, की टोमणाच होता. आणि नसला वहिनी, तरी तसंच लिहा.