वार खाली आहे

ता. १९, दुपारी

प्रिय वहिनी,

तू मजेत असशील. म्हणजे सकाळी डबा घेऊन निघालीस तेव्हा होतीसच. मीपण मजेत. आई झोपलीय. मी तुझ्या शिवणकारखान्याच्या गेटवर आहे. वॉचमनकाका आत सोडत नाहीत. "चिठ्ठी लिही, पोचवतो" म्हणाले. पेन त्यांचंच आहे.

परवाची सोनोग्राफी आठवते ना? मला तर टीव्हीवर नुसतं धुकं दिसत होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या हे डोकं, मी मान हलवली. तू एवढं पाणी पिऊन आलेलीस, झाल्या झाल्या बाथरूमला पळालीस. तेव्हा बाईंनी फाइल माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वार खाली आहे. नीट जपा हं." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

मला वाटलं, पुढच्या वेळी कुठल्या वारी यायचं ते खाली काउंटरवर सांगतात. जाऊन विचारलं. तिथली ताई म्हणाली, गुरुवार. आणि जपा म्हणजे फाइल. मी ती पिशवीत गुंडाळून कपाटात ठेवली, आईलापण हात लावू दिला नाही.

आज तुझ्या गोळ्या आणायला ती फाइल घेऊन गेले. मेडिकलवाले काका वाचून म्हणाले, "वार खाली आहे ना यांची?" मी म्हटलं, "हो, गुरुवार." ते खो खो हसले. मग एकदम थांबले.

"अगं, वार म्हणजे पोटात बाळाला जिच्यातून रक्त मिळतं ती. ती खालच्या बाजूला आहे. वजन उचलायचं नाही, रक्त दिसलं तर तडक दवाखाना. सांगितलं नाही का कुणी?"

सांगितलं होतं ना. मलाच.

आठवीत शाळा सोडली म्हणून असं झालं का? की शाळेतपण हे शिकवत नाहीत? आणि तू काल म्हणालीस, बाईंनी ठीक म्हटलंय तर उद्यापासून गठ्ठे उचलायच्या कामाला हो म्हणते.

वहिनी, बाई ठीक म्हणाल्याच नव्हत्या. तू येऊन "काय म्हणाल्या गं?" विचारलंस, तुझे हात गार पडले होते, म्हणून "सगळं ठीक आहे" हे मी माझ्या मनचं जोडलं.

हातात गठ्ठा असेल तर ठेव आणि बाहेर ये. पळत नको येऊस. मग ओरड हवं तेवढं. हे खरं तर सगळ्यात वर लिहायला हवं होतं, पण कागद एकच आहे.

तुझीच,
नणंद