फीत क्रमांक चारशे बारा

३ मार्च
बातम्यांच्या संग्रहालयात आज रुजू झाले; माझी स्वारी भलतीच खुशीत आहे. चाळीस वर्षं रोज संध्याकाळच्या बातम्या इथे टीव्हीवरून फितींवर उतरवून ठेवल्यात. वाहिनीने स्वतःच्या फिती केव्हाच पुसून टाकल्या. इथल्या प्रमुख, थोरल्या बाई, म्हणाल्या की हक्क वाहिनीचा, पण अभ्यासासाठी थोडा भाग दाखवायची कायद्याने मुभा आहे. जेवणाच्या सुट्टीत मी चारशे बारा नंबरची फीत लावली. कारखान्याच्या आगीची बातमी. मला कडेवर घेऊन आई फाटकाशी उभी आहे आणि सांगतेय, दारांना बाहेरून कुलूप होतं. आई गेल्यावर तिचा आवाज एवढ्या फितीतच उरलाय.

५ मार्च
माझा अतिशहाणपणा नडला. शिष्टाचार म्हणून वाहिनीला सगळ्या फितींची यादी पाठवली. बाईंनी कपाळाला हात लावला. आपल्याकडे काय काय आहे, हे वाहिनीला आजवर ठाऊकच नव्हतं.

११ मार्च
वाहिनीच्या वकिलाचं पत्र: दोनशे सात आमची, पुसा. बाईंनी ठणकावून नाही म्हणून कळवलं. पण फीत लावली तर कोरी. पुरात गेलेल्या भावाला त्या फितीत बघायला एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला यायचे. आजही आले, आणि मलाच विचारत बसले की आपण इथे कशाला आलो. भावाचं विचारलं तर म्हणाले, मी एकुलता एक.

१४ मार्च
दुसरं पत्र. तीनशे चाळीस. संग्रहालय नवं असताना त्याच्यावर आलेली बातमी. तिच्यात तरुणपणीच्या बाई आहेत.

१५ मार्च
बाईंची खुर्ची रिकामी. शिपाई विचारतो, कोण बाई? खरं सांगायचं तर मलाही चेहरा आठवत नाही. वर माझ्या अक्षरात लिहिलंय म्हणून कळतं, की होत्या. म्हणजे वाहिनीला एवढं पुसता येत नाही. हे अक्षर माझं. याचा हक्क माझा.

१७ मार्च, सकाळ
चारशे बाराचं पत्र. सोबत माझीच यादी. उत्तरात एकच ओळ लिहिली: पुसणार नाही.

दुपार
फीत चालू आहे. आईच्या पायांपासून पांढरं वर चढतंय — भीती वाटतेय, तरी दोन वाक्यं उतरवणार. तेवढी मुभा कायद्यानेच — शिपाई दारातून विचारून गेला, आपण कोण, कुणाला भेटायचंय —

‘दारांना बाहेरून कुलूप होतं. किल्ली मालकाच्या खिशात होती.’

झालं लिहून. आता पुसा काय पुसायचं ते — कडेवरची मुलगी दिसेनाशी — आई अजून बोलतेय — ही माझी आई. मी तिची