कॉनीला घर, विनाअट

मी, लॉरेन्स पिकेट, वय वर्षे शहात्तर, राहणार हार्लो कॉर्नर्स, व्हर्माँट, हे मृत्युपत्र कोणाच्या दडपणाखाली नव्हे, तर बागेतल्या धुक्याकडे बघत राजीखुशीने लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत आहे. हल्ली दुपारी डोळा लागला की गेलेली माणसं जेवणाच्या टेबलाभोवती येऊन बसतात आणि भांडतात. पण त्याला काही वेड म्हणत नाहीत.

१. ते टेबल, ज्याचा मी पूर्वी संपादक होतो त्या आमच्या वैचारिक त्रैमासिकाला द्यावे. महायुद्धानंतर त्याच्याभोवती आमचे लेखक जमत; एकाला फक्त खुला बाजार हवा असे, दुसऱ्याला फक्त देव, तिसऱ्याला रशियाशी लढाई. माझी बायको ईडिथ वाढायची आणि मी म्हणायचो, "गृहस्थहो, आधी जेवा!" त्या जेवणांतून आणि माझ्या लेखांतून त्यांची एक उजव्या विचारांची चळवळ झाली. आज तिचा माणूस व्हाइट हाउसात आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

२. सध्याचे संपादक क्लिफर्ड यांना माझी लाल पेन्सिल. माझ्या लेखांवर त्यांनी पुष्कळ पेन्सिल चालवली. आता स्वतःच्या लेखांवर चालवावी.

३. घर आणि सफरचंदाची बाग माझी एकुलती एक मुलगी कॉन्स्टन्स, म्हणजे कॉनी, हिला. एकोणसत्तर साली ती व्हिएतनाम युद्धाविरुद्धच्या मोर्चात गेली. कुटुंब हाच देशाचा पाया असं जन्मभर लिहिणाऱ्या मी त्याच हाताने तिच्याविरुद्ध लेख लिहिला. नाव घातलं नव्हतं, पण सगळ्यांनी ओळखलं. बारा वर्षं ती घरी आलेली नाही. युद्धाबद्दलचं माझं मत आजही तेच आहे. लेख मात्र चुकला. मला त्याची लाज वाटते.

पहिल्या मसुद्यात अटी होत्या: घर विकू नये, झाडं तोडू नयेत, रविवारी चर्च चुकवू नये. माझा वकील आणि जुना मित्र डेक्स्टर ब्रिग्ज म्हणाला, "लॉरी, मेल्यावरसुद्धा संपादकगिरी करणार का तू?" मी सगळ्या खोडल्या.

रविवारी कॉनीला फोन केला. घर तुझ्या नावावर करतोय, म्हटलं.

"अट काय आहे, डॅडी?"

"काही नाही."

"तुमचं मृत्युपत्र, आणि अट नाही? काहीतरीच!"

"खरंच नाही."

मग म्हणाली, "मागच्या दाराचं कुलूप तेच आहे ना? किल्ली ठेवलीय मी."

४. सबब, मागच्या दाराचे कुलूप कोणीही, कोणत्याही कारणास्तव बदलू नये.

सही: लॉरेन्स पिकेट
साक्षीदार: हॉरेस टटल, शेजारी, विनिफ्रेड टटल, त्यांची पत्नी
हार्लो कॉर्नर्स, १४ ऑक्टोबर १९८१