एकेचाळीस नंबरचा फोटो

चि. रत्नदीप,

राजुरीहून भागुजीमामाचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. तब्येत सांभाळतोस ना? आमची मान सोडून बाकी सगळं बरं आहे. मान तू बसवून दिलेल्या कॉम्प्युटरपायी गेली. फोन न करता लिहितोय, कारण फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तू "मामा, रीस्टार्ट करा" म्हणतोस.

तुझ्या डेटाबेसमध्ये मी आपल्या वधू-वर मंडळाचं सगळं घातलं. फोटो, बायोडाटा, दाखले, शिवाय पोरांनी हौसेनं पाठवलेले व्हिडिओ (एकानं ट्रॅक्टरवरून उतरतानाचा तीनदा पाठवला). दोन जीबी झाल्यावर तो पुढचा घास घेईना. तू म्हणालास, फाइली बाहेर फोल्डरमध्ये ठेवा, आत नुसता त्यांचा पत्ता लिहा. ठेवल्या. मुलांचा एक फोल्डर, मुलींचा एक, आणि ज्या नंबरची नोंद त्याच नंबरचा फोटो. इथपर्यंत तुझा मामा हुशार.

मग सतरा नंबरच्या मुलाचं लग्न ठरलं. त्याचा फोटो काढून टाकला. आता तूच सांग, पस्तीस वर्षं हजेरीपट लिहिलेल्या माणसाला मधला नंबर रिकामा बघवेल का? अठराच्या फोटोला सतरा केलं, एकोणिसाच्याला अठरा, असा शेवटपर्यंत गेलो. मुलींकडंही एकीचं लग्न ठरलं, तिथंही तसंच. आतले पत्ते मात्र जुनेच राहिले, म्हणजे प्रत्येक नावासमोर पुढच्याचं तोंड! (तुझी मामी शेजारी बसून आकडे वाचून दाखवत होती, तेव्हा निम्मा दोष तिचा.)

गेल्या महिन्यात लोणीचे दादाभाऊ लेकीला, यशोधराला घेऊन आले. पोरगी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. तिला एकेचाळीस नंबर पसंत पडला, आळ्याचा बुद्धभूषण, बँकेत नोकरी. तिची नोंद बघून त्याचाही होकार आला. पुढच्याच शनिवारी आम्ही आळ्याला गेलो. बुद्धभूषण बाहेर आला. तो तिच्या मागं कोण येतंय ते बघतोय, ती त्याच्या मागं! दादाभाऊ कानाशी म्हणाले, "गुरुजी, फोटोतला पावणा ह्यो न्हाई." तेवढ्यात त्याच्या आईनं आतून डोकावून म्हटलं, "अगं बया, ही पोरगी तर येगळीच!"

बावीस वर्षांत सत्तर लग्नं जमवली, रत्नदीप, पण त्या दिवशी पोह्यांची बशी तशीच खाली ठेवली. लोकांनी पोरीबाळींचे फोटो माझ्या भरवशावर दिलेले. उभा राहिलो, सगळं कबूल केलं, हात जोडले. आधी यशोधराच हसली. मग बुद्धभूषण म्हणाला, "मामा, बँकेत असं केलं असतं तर मी कधीच घरी बसलो असतो." सुटलो बाबा. पण निघताना पोरीनं विचारलंच, "मग फोटोतले कोण व्हते?"

बेचाळीस नंबर तू आहेस. (तुला न विचारता घातला. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास, म्हणून.)

जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझा मामा,
भागुजी

ता. क. खरं काम हे. रविवारी डेटाबेस दुरुस्त करायला ये. दाढी करून ये. तुझा बायोडाटा मी यशोधराला दिलाय; दुपारी लोणीची मंडळी येतील, तो योगायोग समज.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात यशोधराचा फोन आला. म्हणाली, "मामा, रविवारी आमी येत नाय. बायोडाट्यावरून नंबर घेतला मी. रत्नदीपला आळेफाट्यावर तीनदा भेटले, आमचं ठरलंय." मामीनं गूळ वाटला, मलाही लई आनंद झाला. पण लेका, तीनदा फाट्यावर आलास, तिथून राजुरी किती लांब होती रे? इथं पंचवीस पोरं अजून दुसऱ्याच्या तोंडानं फिरतायत!